आई आणि मामा जठराच्या कॅन्सरने गेले, माझी स्कोपी नॉर्मल आली, आता पुढे काय?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून निवांत बसून लिहितोय. मी पोटविकार तज्ज्ञ आहे, रोजचं काम स्कोपीचंच (तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून बघणं), आणि ज्यांच्या घरात जठराचा कॅन्सर होऊन गेलाय अशी माणसं जनेटिक काऊन्सेलरबरोबर (घराण्यातून चालत येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणारा) माझ्याकडे येत असतात, तेव्हा तुमच्यासारखी घरं मी जवळून बघितली आहेत. पण तुम्हाला मी तपासलेलं नाही, तुमचे कागद हातात घेतलेले नाहीत, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून आहे, त्यांच्याऐवजी नाही.

आधी तुम्ही काय लिहिलंय ते परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय ३१. आई ४४ व्या वर्षी जठराच्या कॅन्सरने गेली. धाकटा मामा ३८ व्या वर्षी, त्याची फाईल घरात आहे आणि बायोप्सीत 'पुअरली डिफरन्शिएटेड अडेनोकार्सिनोमा विथ सिग्नेट रिंग सेल्स' असं लिहिलंय. आईचे वडील पन्नाशीत 'पोटाच्या दुखण्याने' गेले, कागद काहीच नाही. मावशीला ५२ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, रिपोर्टमध्ये 'लोब्युलर' (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतला प्रकार), ट्रीटमेंट झाली, ती आता ठीक आहे. तुम्ही घाबरून स्कोपी करून घेतली, नॉर्मल आली, डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही. मग रात्री बसून इंटरनेटवर वाचलं की काही लोक कॅन्सर व्हायच्या आधीच जठर काढून टाकतात. भाऊ म्हणतोय हा विषय काढूच नको, मामेबहिणीचं लग्न जमवायचंय. आणि तुमची मुलगी ६ वर्षांची आहे. प्रश्न तीन: दरवर्षी स्कोपी करू का, जठर काढू का, मुलीचं काय.

हे तिन्ही प्रश्न बरोबर आहेत पण ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे आहेत. पहिली पायरी अजून झालेलीच नाही. तुमच्या आजोळच्या घरात नक्की काय चालत आलंय हे अजून कुणी तपासलेलं नाही, आणि ते तपासायची सुरुवात तुमच्यापासून करायचीच नाहीये, मावशीपासून करायची आहे. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे, बाकी ते का आणि कसं हे सांगतो.

जठराच्या कॅन्सरचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक इन्टेस्टायनल, जो बहुतेक करून उतारवयात होतो, एच. पायलोरी नावाच्या जंतूमुळे जठराला वर्षानुवर्षं सूज राहते, आतलं अस्तर झिजतं, बदलतं आणि मग त्यातून गाठ किंवा अल्सर तयार होतो. हा स्कोपीत दिसतो. दुसरा डिफ्यूज, जो जास्त करून तरुण वयात दिसतो. यात पेशी सुट्या सुट्या होतात आणि अस्तराच्या खालून पसरत जातात, वर गाठ दिसतेच असं नाही. सारवलेल्या जमिनीखाली वाळवी लागावी तसं, वरून सगळं गुळगुळीत. मामाच्या रिपोर्टमधले ते सिग्नेट रिंग सेल्स हे या डिफ्यूज प्रकाराचंच लक्षण. आता तुमच्या लक्षात येईल की मी तुमच्या नॉर्मल स्कोपीवर लगेच का विसावत नाही. त्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, अ‍ॅसिडिटीसाठी आलेल्या पेशंटची स्कोपी अशीच होते, पाच-सात मिनिटं, बायोप्सीला दोन-चार तुकडे किंवा तेही नाहीत. पण ज्या आजाराची शंका तुमच्या घरात आहे त्याच्यासाठी ती स्कोपी नव्हतीच. तिने एवढंच सांगितलं की आज मोठी गाठ किंवा अल्सर नाही. ही पण चांगलीच बातमी आहे, फक्त अपुरी आहे.

या प्रकारामागचं एक जनुक माहिती आहे, सीडीएच१. त्याचं काम ई-कॅढेरिन नावाचं प्रोटीन बनवणं, आणि जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात त्या या प्रोटीनमुळे. आई-वडिलांपैकी एकाकडून या जनुकाची बिघडलेली प्रत आली तर दुसरी चांगली प्रत काम चालवते, पण आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत तीही बंद पडली की ती पेशी सुटी होते. हे शोधलं गेलं त्याची गोष्ट मी माझ्या पेशंटना मुद्दाम सांगतो. न्यूझीलंडमधल्या तौरंगा भागात एक मोठं माओरी कुटुंब होतं, पिढ्यानपिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने जायची, काहींना तर हा शाप वाटायचा. शेवटी घरातल्याच लोकांनी पुढाकार घेतला, कोण कधी कशाने गेलं याची वंशावळ मांडली आणि ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांबरोबर काम केलं. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये ते संशोधन छापून आलं आणि सीडीएच१ चा संबंध जगाला कळला. घरातल्या लोकांनी वंशावळ मांडली नसती तर लॅबला शोधायला सुरुवात कुठून करायची तेच कळलं नसतं. आपल्याकडेही अशा घरांत करणी, कुलदैवताचा कोप, 'त्यांच्या घराण्यात कुणी पन्नाशी बघत नाही' असं बोललं जातं, आणि ते ऐकलं की मी कान टवकारतो, कारण त्या बोलण्यात बऱ्याचदा खरी फॅमिली हिस्ट्री लपलेली असते.

तर पहिलं काम कागदांचं. आपल्याकडे पोटाचा कॅन्सर म्हणजे लिव्हर, आतडं, स्वादुपिंड, बायकांचं अंडाशय, काहीही असू शकतं, त्यामुळे आईचा नक्की जठराचाच होता का आणि कुठल्या प्रकारचा हे कागदावर बघायला हवं. फाईल हरवली असेल तरी आईचं निदान जिथे झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून बघा, रिपोर्टची नक्कल मिळू शकते, आणि बायोप्सीचे मेणातले ब्लॉक बऱ्याच ठिकाणी कित्येक वर्षं जपून ठेवतात. मामाचे आणि मावशीचे रिपोर्ट फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. मग कागदावर आजोळची तीन पिढ्यांची वंशावळ काढा, प्रत्येकाचं वय, आजार, निदान कितव्या वर्षी झालं, आणि जे आजारी पडले नाहीत तेसुद्धा, कारण ७५ वर्षं ठणठणीत जगलेली आत्या-आजी ही पण माहितीच आहे. एक गोष्ट आवर्जून विचारा, घरात कुणाचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेला होता का. सीडीएच१ असलेल्या काही घरांत हे दिसतं. लोक आपणहून सांगत नाहीत कारण त्यांच्या मते त्याचा कॅन्सरशी काय संबंध, 'ग्रहणात हिच्या आईने सुरी हातात घेतली होती' असं कारण घरात ठरलेलं असतं. म्हणून नाव घेऊन विचारायचं.

तुम्ही जे लिहिलंय तेवढं जरी खरं धरलं तरी तुमचं घर टेस्ट करण्याच्या निकषात बसतं. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरात दोन जणांना जठराचा कॅन्सर आणि त्यातला किमान एक डिफ्यूज, किंवा एकाला डिफ्यूज जठराचा आणि दुसऱ्याला सत्तरीच्या आत लोब्युलर ब्रेस्ट कॅन्सर, यातलं एक जरी असलं तरी सीडीएच१ तपासावं. तुमच्याकडे दोन्ही दिसतायत. मावशीच्या रिपोर्टमधला तो एक शब्द, लोब्युलर, मला फार महत्त्वाचा वाटला, कारण हेच जनुक बिघडलं की बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होतो तो बहुतेक याच प्रकारचा.

आता मावशीच आधी का. समजा तुम्ही उद्या जाऊन तुमचं रक्त दिलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. तुम्ही पेढे वाटाल. पण त्या निगेटिव्हचे दोन अर्थ असू शकतात. एक, घरात सीडीएच१ चा बिघाड होता आणि तो तुमच्याकडे आला नाही, मग तुम्ही खरंच सुटलात, तुमची रिस्क चारचौघांसारखी. दोन, घरात जे काही चालत आलंय ते या टेस्टमध्ये दिसतच नाही, वेगळंच जनुक आहे किंवा अजून माहीत नसलेलं काही आहे, मग तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टला काहीच अर्थ नाही. नुसत्या तुमच्या रिपोर्टवरून या दोन्हीतला फरक कुणालाही सांगता येणार नाही. तेच मावशीची टेस्ट आधी केली, तिच्यात बिघाड सापडला, तर मग तुमच्यात, भावात, मामेबहिणीत नेमका तोच एक बिघाड शोधायचा असतो, टेस्ट सोपी होते, खर्च बराच कमी होतो आणि हो किंवा नाही असं स्वच्छ उत्तर मिळतं. ज्याला आजार झालाय आणि जो आज हयात आहे त्याचं रक्त हे सगळ्या घरासाठी सोन्यासारखं असतं. मावशी तयारच झाली नाही तर आईच्या किंवा मामाच्या ब्लॉकमधून डीएनए काढायचा प्रयत्न करता येतो, पण तो जुना असतो, तुटलेला असतो, दरवेळी जमतं असं नाही. तेही नाही जमलं तर मग तुमच्यापासून सुरुवात, पण ती मर्यादा समजून.

टेस्ट म्हणजे साधं रक्त किंवा लाळ. एकट्या सीडीएच१ पेक्षा पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र टेस्ट, करा असं मी सांगतो, ज्यात कॅन्सरशी संबंध असलेली सीटीएनएनए१, लिंच सिंड्रोमची जनुकं, टीपी५३, बीआरसीए१ आणि २ हेही असतात. लॅबला एवढं विचारा की जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर तो तुमच्या टेस्टमध्ये पकडला जातो का. आणि टेस्टच्या आधी जनेटिक काऊन्सेलरला भेटाच, नुसतं ऑनलाईन किट मागवू नका. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जनेटिक्सचा विभाग आहे, मोठ्या शहरांतल्या इतर कॅन्सर सेंटरमध्येही आता ही सोय मिळते.

रिपोर्ट तीन प्रकारचा येऊ शकतो आणि मधल्या प्रकाराने सगळ्यात जास्त घोळ होतो. पॉझिटिव्ह म्हणजे आजार करणारा बिघाड सापडला. निगेटिव्ह म्हणजे सापडला नाही. आणि मधला म्हणजे व्हीयूएस, जनुकात काहीतरी बदल दिसतोय पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. आपल्याकडे हा मधला रिपोर्ट बऱ्यापैकी येतो कारण जगभरातल्या डेटाबेसमध्ये भारतीय लोकांची माहिती कमी आहे. व्हीयूएसवर जठर काढायचं नाही, स्तन काढायचे नाहीत, घरातल्यांची त्या बदलासाठी टेस्ट करून ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवायचं नाही. हे मी ठासून लिहितोय. असा रिपोर्ट आला तर घरातल्या आजाराच्या इतिहासाप्रमाणे वागायचं आणि दर वर्ष-दोन वर्षांनी लॅबला विचारायचं की त्या बदलाचं वर्गीकरण बदललं का. त्यातले बरेचसे पुढे निरुपद्रवी ठरतात.

आता समजा मावशी पॉझिटिव्ह आणि मग तुम्हीही पॉझिटिव्ह आलात. (आईकडे बिघाड होता असं धरलं तर तो तुमच्याकडे यायची शक्यता निम्मी, आणि भावाकडे यायचीही निम्मीच. मुलगा-मुलगी असा भेद नाही. तुमच्याकडे आला म्हणून भाऊ सुटला असंही नाही, प्रत्येकाचा हिशोब वेगळा.) तुम्ही इंटरनेटवर ७० टक्के आकडा वाचलात आणि तुमची झोप उडाली. तो आकडा कुठून आला ते सांगतो. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात सीडीएच१ बिघडलेल्या पुरुषांना ८० वर्षांपर्यंत जठराचा कॅन्सर व्हायची शक्यता ७० टक्के आणि बायकांना ५६ टक्के दिली होती. पण तेव्हा टेस्ट होत होती ती अशाच घरांची जिथे आधीच चार-पाच माणसं गेलेली. पुढे पॅनेल टेस्ट स्वस्त झाल्या, दुसऱ्याच कारणाने टेस्ट केलेल्या लोकांतही हा बिघाड सापडायला लागला आणि आकडा उतरला. २०१९ मध्ये पुरुषांसाठी ४२ आणि बायकांसाठी ३३ टक्के असा अंदाज आला आणि २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या कुटुंबांवरच्या अभ्यासात तर पुरुषांसाठी १० टक्क्यांच्या आसपास आणि बायकांसाठी ७ च्या आसपास. मात्र त्याच अभ्यासात हेही दिसलं की घरात जठराच्या कॅन्सरच्या केसेस जितक्या जास्त तितकी रिस्क वर जाते. तुमच्या घरात आई, मामा आणि कदाचित आजोबा. त्यामुळे तुमच्यासाठी सगळ्यात खालचा आकडा धरून निश्चिंत होणं मला पटत नाही आणि ७० धरून आजच हॉस्पिटलमध्ये भरती होणंही पटत नाही. तुमचा आकडा मधे कुठेतरी आहे, आणि काऊन्सेलर तुमची वंशावळ बघून त्याच्यावर बोलेल.

सीडीएच१ पॉझिटिव्ह माणसासमोर दोन रस्ते असतात. पहिला, कॅन्सर नसतानाच पूर्ण जठर काढणं. २०२० च्या सूचनांमध्ये अशा घरातल्या लोकांना हाच सल्ला आहे, साधारण विशी-तिशीत विचार करा असं, आणि सत्तरीनंतर सहसा नको असं. यामागचं कारण असं की काढलेली जठरं पॅथॉलॉजिस्टने बारीक काप करून बघितली तेव्हा बहुतेकांत सूक्ष्म सिग्नेट रिंग पेशींचे ठिपके सापडले, आधीची स्कोपी नॉर्मल असतानासुद्धा. ऐकून धडकी भरते. पण हेच वाक्य उलटीकडूनही वाचायला हवं. जवळजवळ सगळ्यांत ठिपके सापडतात आणि तरी सगळ्यांना कॅन्सर होत नाही, म्हणजे त्यातले बरेच ठिपके वर्षानुवर्षं जागच्या जागी झोपून राहतात. कुठला उठेल हे आज कुणालाच ओळखता येत नाही, आणि तज्ज्ञांमधला सगळा वाद याच्यावरच आहे.

दुसरा रस्ता, दरवर्षी स्पेशल स्कोपी. ही तुम्ही केलीत तशी नाही. हाय डेफिनिशन स्कोप, पेशंट नीट झोपवलेला, जठर पूर्ण फुगवून आणि स्वच्छ धुवून किमान अर्धा तास बघायचं, फिकट पांढुरके डाग शोधून त्यांचे तुकडे घ्यायचे आणि वर जठराच्या सहा भागांतून प्रत्येकी पाच, असे ३० तुकडे ठरवून घ्यायचे. याला केंब्रिज प्रोटोकॉल म्हणतात. ते तुकडे वाचणारा पॅथॉलॉजिस्टही या आजाराची सवय असलेला हवा, कारण त्या पेशी मोजक्या असतात आणि सहज नजरेतून सुटतात. अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत अशा लोकांचा मोठा गट नजरेखाली ठेवला जातो आणि २०२३ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यांना ऑपरेशन नको आहे किंवा लांबवायचं आहे त्यांच्यासाठी अनुभवी सेंटरमधली अशी स्कोपी हा रास्त पर्याय होऊ शकतो. मी स्वतः स्कोपी करणारा माणूस आहे, तरी सांगतो, ३० तुकडे म्हणजे जठराच्या आतल्या एकूण पृष्ठभागाचा अगदी नगण्य भाग. जो हा रस्ता घेतो त्याने ही अनिश्चितता समजून घ्यायची आणि एकही वर्ष चुकवायचं नाही. गावाला लग्न आहे म्हणून पुढच्या वर्षी बघू असं म्हणणाऱ्याने हा रस्ता घेऊ नये, त्याच्यासाठी ऑपरेशन बरं.

ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलंय की जठराशिवाय माणूस जगतो का. जगतो. पहिलं यशस्वी संपूर्ण जठर काढायचं ऑपरेशन १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटर यांनी केलं, म्हणजे हे सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. अन्ननलिका सरळ लहान आतड्याला जोडतात. या आजारात थोडं जठर मागे ठेवून चालत नाही, वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना जठराचं अस्तर शिल्लक नाही ना हे ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेतात. अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या टीमच्या हातात जिवाचा धोका साधारण एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी, पण महिन्यातून कधीतरी एक करणाऱ्याकडे हे करू नका, सर्जनला सरळ विचारा तुम्ही वर्षाला किती करता, चांगला सर्जन रागावत नाही.

त्यानंतरचं आयुष्य मात्र बदलतं आणि ते कुणी गोड करून सांगू नये. वजन पहिल्या वर्षात चांगलं दहा-वीस टक्के उतरतं. एका वेळी वाटीभर जेवण, दर दोन-तीन तासांनी, कायमचं. जेवताना तांब्याभर पाणी किंवा ताक प्यायचं नाही, पाणी मधल्या वेळात. श्रीखंड, जिलबी, गुळाचा शिरा असं गोड रिकाम्या पोटी खाल्लं तर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब, याला डंपिंग म्हणतात, आणि दोन-तीन तासांनी साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. निर्जळी एकादशी, हरतालिका विसरायची, देवाला चालतं. भाकरी, उसळ, अंडी, मासे हळूहळू सगळं खाता येतं, फक्त चावून चावून. बी१२ आयुष्यभर घ्यावं लागतं, सहसा इंजेक्शनने, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. आपल्याकडे शाकाहारी लोकांचं बी१२ आधीच तळाला असतं, त्यामुळे ऑपरेशनच्या आधीच तपासून भरून घ्या. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्यावरही कायम लक्ष. पहिलं वर्ष फार जड जातं, रडू येतं, चिडचिड होते, नोकरीत दमायला होतं, दुसऱ्या वर्षापासून बहुतेक जण आपापली लय पकडतात. दुसरं मूल हवंय का हा विचारही इथे येतो. ऑपरेशननंतरही गरोदरपण होतं आणि मुलं व्यवस्थित जन्मतात, पण वजन आणि रक्त स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. म्हणून काही बायका मूल आधी, ऑपरेशन नंतर असं ठरवतात आणि मधल्या काळात स्पेशल स्कोपीवर राहतात. दोन्हीत चूक नाही.

जठराच्या गडबडीत छातीचं विसरू नका. सीडीएच१ पॉझिटिव्ह बायकांना लोब्युलर ब्रेस्ट कॅन्सरची आयुष्यभराची रिस्क ४० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे नव्या आकड्यांप्रमाणे जठरापेक्षा जास्त. हा प्रकार मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून ३० व्या वर्षापासून दरवर्षी छातीचा एमआरआय सांगतात. तुम्ही ३१ च्या आहात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर हे लगेच सुरू.

आणि समजा मावशी निगेटिव्ह आली? मग पॅनेलमधल्या बाकी जनुकांकडे बघायचं. तिथेही काही नाही तरी तुमच्या घरातला इतिहास पुसला जात नाही. अशा घरातल्या जवळच्या नातेवाइकांसाठी चाळिशीपासून, किंवा घरातल्या सगळ्यात तरुण केसच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल तेव्हापासून, तशीच काळजीपूर्वक स्कोपी किमान दोन वर्षं दरवर्षी करतात आणि मग काय दिसतं त्यावर पुढचं अंतर ठरवतात. मामा ३८ चा होता, म्हणजे तुम्ही त्या वयात आलाच आहात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता करता येते, एच. पायलोरीची टेस्ट. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत हा जंतू असतो. कोरियात आई-वडील किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झालेल्या १६७६ लोकांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, नऊ-एक वर्षांच्या काळात जंतू मारायची औषधं दिलेल्या गटात कॅन्सर १.२ टक्के लोकांना झाला आणि न दिलेल्या गटात २.७ टक्के. जपानच्या २०२३ च्या अभ्यासात तर बीआरसीए२ सारखी जनुकं बिघडलेली आणि वर हा जंतू अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ८५ वर्षांपर्यंतची रिस्क ४५ टक्क्यांवर गेलेली दिसली, आणि जंतू आहे पण जनुकं चांगली अशा लोकांत १४ टक्के. सीडीएच१ वर जंतूचा नक्की किती परिणाम होतो हा वेगळा विषय, पण असेल तर मारून टाका, कुठल्याही बाजूने फायदाच. टेस्ट श्वासाची किंवा शौचाची करा, त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल सारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बंद आणि चार आठवडे अँटिबायोटिक नको, नाहीतर जंतू असून टेस्ट निगेटिव्ह येते. कोर्स पूर्ण करा आणि संपल्यावर महिन्याभराने परत टेस्ट करून गेलाय याची खात्री करा, हे शेवटचं कुणी करत नाही. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर बंद, खूप खारवलेलं कमी. तिखट खाल्ल्यामुळे मामाला झाला असं घरात म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, तसं नाही हो, मिरचीला उगाच दोष नको.

मुलीचं. तिची आत्ता टेस्ट करू नका. हा आजार लहानपणी होत नाही, विशीच्या आत अगदी विरळा, आणि ६ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट घेऊन तुम्ही रोज तिच्या ताटाकडे घाबरून बघत बसाल, दुसरं काही होणार नाही. ती अठराची झाली की तिचा निर्णय ती घेईल. तुम्ही निगेटिव्ह आलात, घरातला बिघाड माहीत असताना, तर तिचा प्रश्नच तिथे संपतो.

भावाचं म्हणणं मला कळतं. लग्नाच्या बाजारात असला रिपोर्ट लपवावा असं वाटणं काही दुष्टपणा नाही. पण मामेबहीण मामाची मुलगी आहे, तिची शक्यता तुमच्याइतकीच, आणि तिचे वडील ३८ व्या वर्षी गेले. तिला अंधारात ठेवून तिचं भलं होत नाही. रिपोर्ट ही तिची खासगी गोष्ट राहते, काऊन्सेलर तिच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सांगत नाही. आणि एक, तुमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची पद्धत असेल, तर दोघंही त्याच आजोबांच्या रक्ताचे होतात आणि मग दोघांचीही टेस्ट आधी व्हायला हवी, हे मी अशा घरांना स्पष्ट सांगतो.

थोडक्यात क्रम असा: कागद आणि वंशावळ, मग काऊन्सेलर, मग मावशीची टेस्ट, तिच्या रिपोर्टवरून तुमची, आणि तुमच्या रिपोर्टवरून स्कोपी की ऑपरेशन. एच. पायलोरी याच महिन्यात. मधल्या काळात थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, वजन आपोआप उतरणं, गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, डांबरासारखी काळी शी, यातलं काही असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात महिने काढू नका.

आता मावशीशी कसं बोलायचं ते सांगतो. फोनवर नको, घरी जा. ती स्वतः नुकतीच एका कॅन्सरमधून बाहेर आलीय, तिला अजून एका तपासणीचं नाव काढलं की पहिल्यांदा स्वतःची भीती वाटणार, तेव्हा आधी तिचं ऐकून घ्या. मग सांगा की तुझ्या एका रक्ताच्या तपासणीने मला, दादाला आणि मामाच्या पोरीला कळणार आहे की आम्हाला घाबरायचं कारण आहे की नाही. हेही सांगा की यात तिचाही फायदा आहे, पॉझिटिव्ह आली तर तिच्या जठराची आणि दुसऱ्या बाजूच्या स्तनाची तपासणी वेळेवर सुरू होईल. माझ्या अनुभवात मावश्या, आत्या, काक्या बहुतेक वेळा पोरांसाठी तयार होतात, फक्त त्यांना ते नीट आणि समोर बसून सांगावं लागतं. ती लगेच हो म्हणाली नाही तर दोन आठवडे जाऊ द्या, काऊन्सेलरकडे तिला बरोबर घेऊन जा, नुसतं बोलायला, रक्त द्यायचंच असं नाही. आणि रिपोर्ट आला की इथेच लिहा, व्हीयूएस असो की काहीही, पुढचं तेव्हा त्याप्रमाणे बघू.